अंतिम प्रवासातील सोबत
अमेरिकेतील मोटारसायकलस्वार स्वयंसेवकांचा उपक्रम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एखाद्या माजी सैनिकाची अंत्ययात्रा निघते, तेव्हा शववाहिकेच्या पुढे वीस, पन्नास, क्वचित काही शे मोटारसायकली दोन ओळींनी संथ गतीने चालताना दिसतात. बहुतेक वाहनांच्या मागील बाजूस राष्ट्रध्वज लावलेला असतो. स्वार बहुधा उतारवयाचे, दाढी राखलेले, अंगात चामड्याची बिनबाह्यांची जाकिटे घातलेले असतात आणि त्या जाकिटांवर निरनिराळ्या पलटणींची व मोहिमांची चिन्हे शिवलेली असतात. मृत व्यक्तीला त्यांच्यापैकी अनेकांनी कधी पाहिलेलेही नसते. या कामाचे त्यांना वेतन नाही, इंधनाचा खर्चही त्यांचा त्यांनाच करावा लागतो. दफनविधी आटोपला की कुटुंबीयांशी दोन शब्द बोलून, किंवा न बोलताही, ते आल्या वाटेने परत जातात.

हा उपक्रम आता तेथील लोकजीवनाचा परिचित भाग बनला आहे. 'पॅट्रिअट गार्ड रायडर्स' ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित संघटना होय. तिची स्थापना २००५ साली झाली. ज्या परिस्थितीत ती झाली, ती समजून घेतल्याशिवाय या उपक्रमाचे आजचे स्वरूप उलगडत नाही.

कॅन्सस राज्यातील टोपीका या शहरी 'वेस्टबरो बाप्टिस्ट चर्च' नावाची एक लहान मंडळी आहे. फ्रेड फेल्प्स हे तिचे संस्थापक धर्मोपदेशक होते. २०१४ साली त्यांचे निधन झाले. मंडळीचे सभासद मुख्यतः त्यांच्याच कुटुंबातील होते आणि बाप्टिस्ट पंथाच्या कोणत्याही मोठ्या संघटनेशी तिचा संबंध नव्हता. अमेरिकी समाजाने समलिंगी व्यक्तींविषयी सहिष्णुता दाखविली म्हणून ईश्वराने त्या राष्ट्रावर कोप केला आहे आणि रणांगणावर मरण पावणारे सैनिक हे त्या कोपाचेच फळ आहे, असे या मंडळीचे प्रतिपादन होते. इराक व अफगाणिस्तान येथे मृत्यू पावलेल्या सैनिकांची पार्थिवे घरी येऊ लागली, तेव्हा २००५ पासून या मंडळीने त्यांच्या अंत्यविधीच्या वेळी निदर्शने करण्यास प्रारंभ केला. सैनिकाच्या मृत्यूबद्दल ईश्वराचे आभार मानणारे फलक घेऊन हे लोक प्रार्थनामंदिराजवळ उभे राहत. पुत्र गमावलेल्या मातेने ते फलक वाचावेत, हाच त्यामागील हेतू होता असे मानावयास जागा आहे.

या प्रकाराने सर्वसामान्य नागरिक संतप्त झाले यात नवल नाही. परंतु संतापाला वाट कोणती द्यावयाची हा प्रश्न सोपा नव्हता. निदर्शक सार्वजनिक जागेत उभे राहत, पोलिसांच्या सूचना पाळत, कोणाच्या अंगाला हात लावीत नसत. त्यांच्यातील काही जण स्वतः वकील होते आणि कायद्याच्या मर्यादा त्यांना चांगल्या माहीत होत्या. त्यांच्यावर हात टाकणारा नागरिकच तुरुंगात जाण्याचा आणि वर नुकसानभरपाई देण्याचा संभव होता. अंत्यविधीच्या ठिकाणी मारामारी झाली असती, तर निदर्शकांना हवी असलेली प्रसिद्धी आयतीच मिळाली असती आणि सैनिकाचा अंत्यविधी मात्र कायमचा विटाळला असता.

कॅन्सस राज्यातीलच म्युल्व्हेन या लहान गावात 'अमेरिकन लीजन रायडर्स' या संघटनेची शाखा क्रमांक १३६ आहे. 'अमेरिकन लीजन' ही पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिस येथे स्थापन झालेली माजी सैनिकांची संस्था. तिच्या मोटारसायकलस्वार सभासदांचा गट १९९३ साली मिशिगन राज्यातील गार्डन सिटी येथे सुरू झाला. म्युल्व्हेनच्या शाखेने २००५ च्या ऑगस्टमध्ये या निदर्शनांचा विचार केला आणि काही गोष्टी ठरविल्या. कुटुंबाची अनुमती असेल तरच जावयाचे. निदर्शकांशी एक शब्दही बोलावयाचा नाही. कुटुंबीय आणि निदर्शक यांच्यामध्ये मोठे ध्वज घेऊन उभे राहावयाचे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ओक्लाहोमा राज्यातील चेल्सी या गावी एका सैनिकाच्या अंत्यविधीस स्वारांनी अशा प्रकारे उपस्थिती लावली. त्यानंतर काही आठवड्यांतच इतर राज्यांतील स्वार या कार्यास येऊन मिळाले आणि 'पॅट्रिअट गार्ड रायडर्स' ही देशव्यापी संघटना आकारास आली.

येथे आणखी एका घटनेचा उल्लेख करणे योग्य ठरेल. वायोमिंग राज्यातील लॅरॅमी येथे १९९८ साली एका समलिंगी विद्यार्थ्याचा निर्घृण खून झाला. त्याच्या अंत्यविधीच्या वेळीही याच मंडळीने निदर्शने केली होती. पुढे १९९९ साली आरोपीच्या खटल्याच्या वेळी निदर्शक न्यायालयाबाहेर पुन्हा जमले, तेव्हा मृत तरुणाच्या मित्रमैत्रिणींनी पांढऱ्या कापडाचे भव्य पंख खांद्यांवर चढविले आणि निदर्शकांभोवती ते नुसते उभे राहिले. पंखांच्या आड फलक दिसेनासे झाले. लॅरॅमीचे ते तरुण आणि कॅन्ससचे माजी सैनिक यांच्या विचारसरणीत साम्य फारसे नसावे. तरीही दोघांनी एकाच पेचातून काढलेली वाट मात्र एकच होती.

मोटारसायकलच का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने हजारो मोटारसायकली वापरल्या. युद्ध संपल्यावर घरी परतलेल्या तरुणांपैकी अनेकांना संथ नागरी जीवनात करमत नव्हते. त्यांनी स्वस्तात मिळणाऱ्या मोटारसायकली घेतल्या, मंडळे काढली आणि पलटणीत लाभलेला सहवास रस्त्यावर शोधण्याचा प्रयत्न केला. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे अशा स्वारांच्या मेळाव्यात झालेला गोंधळ वृत्तपत्रांनी रंगवून सांगितला. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटाने मोटारसायकलस्वार म्हणजे दांडगट ही प्रतिमा घरोघर पोहोचविली. काही टोळ्यांची पुढील कृत्ये ध्यानात घेता ती प्रतिमा सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येणार नाही.

व्हिएतनाम युद्धानंतर या परंपरेत आणखी एक पिढी सामील झाली. त्या युद्धाविषयी देशात तीव्र मतभेद होते आणि परतलेल्या सैनिकांचे स्वागत बहुतांशी झाले नाही. अनेकांना नोकरीच्या अर्जात आपली सैनिकी सेवा नमूद करण्याचाही संकोच वाटे. १९७८ साली स्थापन झालेल्या 'व्हिएतनाम व्हेटरन्स ऑफ अमेरिका' या संस्थेने, सैनिकांच्या एका पिढीने दुसरीस यापुढे कधीही वाऱ्यावर सोडू नये, हे आपले मूलतत्त्व म्हणून स्वीकारले. १९८८ पासून दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस, स्मृतिदिनाच्या सुमारास, हजारो मोटारसायकलस्वार 'रोलिंग थंडर' या नावाने राजधानी वॉशिंग्टनमध्ये जमू लागले. बेपत्ता सैनिकांचा व युद्धकैद्यांचा शोध लावावा ही त्यांची मागणी होती. वॉशिंग्टनमधील हा फेरा त्या संघटनेने २०१९ पर्यंत चालविला. २००५ साली अंत्ययात्रांना सोबत करण्याचा प्रश्न उद्भवला, तेव्हा अल्पावधीत दूर अंतरावर पोहोचू शकणारे, रांगेत वाहन चालविण्याची सवय असलेले आणि न मिळालेल्या सन्मानाची सल मनात बाळगणारे असे लोक देशाच्या बहुतेक भागांत आधीच तयार होते.

कार्यपद्धती

दुरून उत्स्फूर्त वाटणारा हा उपक्रम प्रत्यक्षात काटेकोर शिस्तीने चालतो. प्रारंभ नेहमी कुटुंबाच्या निमंत्रणाने होतो. कुटुंबीय स्वतः किंवा अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारी व्यावसायिक संस्था स्थानिक गटाशी संपर्क साधते. गटाच्या वतीने एक अनुभवी स्वार त्या प्रसंगाची सर्व जबाबदारी स्वीकारतो. त्यास 'राइड कॅप्टन' म्हणतात. मृत व्यक्तीच्या सैनिकी सेवेची खातरजमा, कुटुंबाला नेमके काय हवे व काय नको याची विचारणा, मार्गाची पाहणी, पोलिसांशी बोलणी ही कामे तो पार पाडतो. कुटुंबाने नकार दिल्यास गट जात नाही. सर्वच कुटुंबांना यंत्रांचा आवाज आणि अनोळखी माणसांची गर्दी रुचेल असे नाही. हा नियम नसता, तर स्वयंसेवक आणि आगंतुक यांत भेद उरला नसता.

ठरलेल्या दिवशी स्वार एखाद्या मोठ्या वाहनतळावर तासभर आधी जमतात. राइड कॅप्टन सर्वांना सूचना देतो : कोण कुठे उभा राहील, ध्वज कोणत्या हातात, सलामीची आज्ञा कोण देईल. निदर्शक आलेच तर काय करावयाचे हेही सांगितले जाते. सूचना एवढीच असते की, त्यांच्याकडे पाठ करावी आणि तोंड उघडू नये. सुरुवातीच्या काळात काही ठिकाणी घोषणांचा आवाज बुडविण्यासाठी मोटारसायकलींची यंत्रे मोठ्याने फिरविण्यात आली. परंतु शांतपणे उभे राहणे हीच खरी रीत म्हणून रूढ झाली, आणि ते योग्यच झाले. आवाजाला आवाजाने उत्तर दिल्यास शोकाकुल कुटुंबाच्या कानी दोन्ही आवाज पडतात.

रस्त्यावरील रचना दोन ओळींची असली, तरी स्वार एकमेकांच्या शेजारी शेजारी चालत नाहीत. पहिला डावीकडे, दुसरा थोडा मागे उजवीकडे, तिसरा पुन्हा डावीकडे, अशी नागमोडी मांडणी असते. तिरक्या रेषेतील पुढच्या स्वारापासून एक सेकंदाचे आणि आपल्याच ओळीतील पुढच्या स्वारापासून दोन सेकंदांचे अंतर राखावे, असा तेथील वाहनशिक्षणाचा संकेत आहे. त्यामुळे अचानक थांबावे लागल्यास प्रत्येकाला बाजूला सरकण्यापुरती जागा मिळते. वाऱ्यामुळे मोठ्या ध्वजाचा ताण मागील चाकावर येतो, म्हणून ध्वजदंड वाहनाच्या सांगाड्याला पक्का बसविलेला असावा लागतो.

अंत्ययात्रेला चौकात अग्रहक्क द्यावा अशी तरतूद अनेक राज्यांच्या वाहतूक कायद्यांत आहे, पण तपशील राज्यागणिक भिन्न आहेत. चौक अडविण्याचे व वाहतूक थांबविण्याचे काम सर्वसाधारणपणे पोलिसांचे असते आणि उत्साहाच्या भरात स्वयंसेवकांनी ते हाती घेऊ नये असे सूचनेच्या वेळी बजावले जाते. सूचना रास्त आहे; अंत्ययात्रेतच अपघात होऊन आणखी एक शव उचलावे लागणे याहून दुर्दैवाची गोष्ट नाही.

प्रार्थनामंदिरापाशी किंवा दफनभूमीत पोहोचल्यावर स्वार वाहने लावून ध्वज घेऊन मार्गाच्या दोन्ही बाजूंस उभे राहतात. या ध्वजांच्या गल्लीतून शवपेटिका आत नेली जाते. विधी चालू असेतोवर, मग तो अर्धा तास चालो की दीड तास, ऊन असो की हिमवृष्टी, ही रांग हलत नाही. साठी-सत्तरीच्या माणसांना हे सोपे नसते, म्हणून अलीकडे राइड कॅप्टन पाणी आणि आलटूनपालटून विश्रांती यांचीही व्यवस्था पाहतात. संघटनेत येण्यासाठी माजी सैनिक असण्याची अट नाही, इतकेच काय, मोटारसायकल असण्याचीही अट नाही. मोटारगाडीतून येऊन ध्वज धरणारे स्त्री-पुरुष पुष्कळ आहेत. सभासदत्वास शुल्क नाही. युद्धाचे समर्थक आणि युद्धाचे विरोधक या दोघांनाही तेथे जागा आहे आणि कोणाचे मत काय हे विचारले जात नाही. इराक युद्धावरून देशात फाटाफूट झाली असता या धोरणामुळेच संघटना टिकली असे म्हणावे लागेल.

कायद्याची मर्यादा

सरकार या काळात स्वस्थ बसले होते असे मात्र नाही. अमेरिकी काँग्रेसने २००६ साली एक कायदा संमत केला. राष्ट्रीय दफनभूमींच्या परिसरात अंत्यविधीच्या आधी व नंतर एक तासपर्यंत व्यत्यय आणणाऱ्या निदर्शनांस त्याने मनाई केली. २०१२ च्या कायद्याने ही मुदत दोन तासांची केली आणि सैनिकी अंत्यविधीच्या स्थळापासून ३०० फुटांचे, म्हणजे सुमारे ९० मीटरचे, अंतर निश्चित केले. दरम्यान राज्यांनीही आपापले कायदे केले. २०११ पर्यंत अशा राज्यांची संख्या ४४ झाली होती.

परंतु अंतर राखून उभे राहिलेल्या निदर्शकाचे काय करावयाचे? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे 'स्नायडर विरुद्ध फेल्प्स' या खटल्यात आला. मार्च २००६ मध्ये मेरिलँड राज्यातील वेस्टमिन्स्टर येथे इराकमध्ये मरण पावलेल्या एका तरुण मरीन सैनिकाचा अंत्यविधी झाला. फेल्प्स व त्यांचे सहा नातलग असे सातच निदर्शक प्रार्थनामंदिरापासून सुमारे १,००० फुटांवर, सार्वजनिक जागेत, पोलिसांनी सांगितले तेथे उभे होते. मृत सैनिकाच्या पित्याला जाताना फलकांचे केवळ वरचे काठ दिसले. फलकांवरील मजकूर त्यांना त्या रात्री दूरचित्रवाणीवरील बातम्यांत समजला. त्यांनी दावा लावला. २००७ साली ज्यूरीने एकूण १ कोटी ९ लक्ष डॉलर नुकसानभरपाई मंजूर केली. न्यायाधीशांनी ती ५० लक्ष डॉलरवर आणली. वरिष्ठ न्यायालयाने २००९ साली हा निर्णयच फिरविला आणि पुढे प्रतिपक्षाच्या अपिलाचा सुमारे १६,५०० डॉलर खर्च त्या पित्यानेच द्यावा असा आदेश झाला.

२ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निदर्शकांच्या बाजूने निकाल दिला. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निर्णय लिहिला. निदर्शकांचे म्हणणे कितीही क्लेशदायक असले, तरी ते सार्वजनिक महत्त्वाच्या विषयांवरील होते आणि सार्वजनिक जागेत शांततेने मांडलेले होते. ऐकणाऱ्यास दुःख होते एवढ्या कारणासाठी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे संरक्षण काढून घेता येणार नाही, असा त्याचा आशय होता. एकमेव विरोधी मत न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांचे होते. सार्वजनिक चर्चेचे स्वातंत्र्य म्हणजे एका खाजगी कुटुंबावर त्याच्या दुःखाच्या क्षणी प्रहार करण्याचा परवाना नव्हे, असे त्यांनी प्रतिपादले.

या निकालाविषयी दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. कायद्याच्या दृष्टीने बहुमताचा निर्णय समर्थनीय वाटतो. त्या पित्यापुढे बसून त्याचे समर्थन करणे मात्र कठीण आहे. शासन जेथपर्यंत जाऊ शकत होते तेथे त्याची हद्द संपली. त्या हद्दीपलीकडे जो अवकाश उरला, तो ध्वज घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांनी व्यापला. त्यांनी कोणाचे तोंड बंद केले नाही, फक्त दृष्टीआड केले. न्यायालयाच्या निकालाने त्यांचे काम बंद पडण्याचे कारण नव्हते; उलट त्या निकालामुळे त्यांची गरज अधिकच स्पष्ट झाली.

निदर्शक नसतानाही

काळाच्या ओघात बहुतेक अंत्यविधींना एकही निदर्शक येईनासा झाला. ज्या कारणासाठी संघटना उभी राहिली ते कारण क्षीण झाले, तरी निमंत्रणे येतच राहिली. हा बदल विचार करण्यासारखा आहे.

पहिले कारण प्रवासव्यवस्थेत आढळते. परदेशी मरण पावलेल्या सैनिकांची पार्थिवे डेलावेअर राज्यातील डोव्हर येथील हवाई तळावर आणली जातात. पूर्वी ती तेथून पुढे बहुधा प्रवासी विमानांच्या मालकक्षातून पाठविली जात. त्याविरुद्ध कुटुंबीयांनी आवाज उठविल्यावर २००७ पासून सैनिकी किंवा खास भाड्याच्या विमानाने पार्थिव घराजवळच्या विमानतळापर्यंत नेण्याची व्यवस्था झाली. अनेकदा हा विमानतळ अगदी लहान असतो. तेथून गावापर्यंतच्या रस्त्यावर सोबत करण्याचे काम स्वारांकडे आले आणि वाटेतील गावांचे लोक रस्त्याच्या कडेला उभे राहू लागले. आपल्याकडेही वीरमरण आलेल्या जवानाचे पार्थिव गावी येते, तेव्हा तरुण मोटारसायकली घेऊन वेशीबाहेर सामोरे जातात, हे वाचकांच्या पाहण्यात असेल.

मात्र अमेरिकेतील आजचे बहुसंख्य प्रसंग रणांगणावरील मृत्यूचे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ कोटी ६० लक्ष अमेरिकी स्त्री-पुरुषांनी सैनिकी सेवा केली. २०२४ साली त्यांच्यापैकी एक लक्षाहूनही कमी हयात होते. कोरिया आणि व्हिएतनाम येथे लढलेले सैनिकही आता वृद्ध झाले आहेत. अंथरुणावर, वार्धक्याने, कोणत्याही वृत्तपत्रात बातमी न येता मरण पावणाऱ्या या माणसांना कायद्याने काय मिळते ते पाहण्यासारखे आहे. १ जानेवारी २००० पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार, कुटुंबाने मागणी केल्यास सन्मानपूर्वक सेवा केलेल्या प्रत्येक माजी सैनिकाच्या अंत्यविधीस किमान दोन गणवेशधारी सैनिक उपस्थित राहतात. त्यांतील एक मृताच्याच सैन्यदलाचा असतो. शवपेटिकेवर पसरलेला पाच फूट रुंद व साडेनऊ फूट लांब ध्वज ते घडी घालून त्रिकोणी करतात आणि जवळच्या नातलगाच्या हाती देतात. 'टॅप्स' ही बिगुलाची धून वाजविली जाते. आपल्या सैन्यातील 'लास्ट पोस्ट'च्या जागी असलेली ही धून १८६२ साली, यादवी युद्धाच्या काळात, जनरल डॅनियल बटरफील्ड यांच्या छावणीत आजच्या रूपास आली. तिच्यात स्वर अवघे २४ आहेत.

दोन सैनिक ही किमान मर्यादा आहे, आणि पुष्कळदा प्रत्यक्षात येतात तेही तेवढेच. बिगूलवादकांची संख्या इतकी अपुरी आहे की २००३ पासून बिगुलाच्या तोंडात बसविलेल्या छोट्या विद्युत्‌यंत्रावर ध्वनिमुद्रित धून लावण्यास अनुमती देण्यात आली. सैनिक केवळ बिगूल ओठांशी धरून उभा राहतो. सोय म्हणून हे क्षम्य असले तरी ज्यांना हे ठाऊक असते त्यांना ते खटकल्याशिवाय राहत नाही. बंदुकांच्या तीन फैरींची सलामी त्या किमान तरतुदीत येत नाही. ती बहुधा गावातील माजी सैनिकांच्या संस्थेचे वृद्ध सभासद देतात. मोटारसायकलस्वारांच्या उपस्थितीचे मोल या पार्श्वभूमीवर कळते. विधवा पत्नी, एक मुलगी आणि दोन सैनिक एवढ्याच उपस्थितीत होणाऱ्या विधीला चाळीस माणसे ध्वज घेऊन उभी राहतात.

ज्यांना कोणीच नाही

याहून अवघड प्रसंग त्यांचे, ज्यांच्यामागे कोणीच नसते. अमेरिकेत दहनाची पद्धत जसजशी वाढली तसतसा एक निराळा प्रश्न उभा राहिला. अंत्यसंस्कार करणाऱ्या संस्थांच्या कपाटांत कोणीही न नेलेले अस्थिकलश साठत गेले. काही दहा वर्षे, काही त्याहून कितीतरी अधिक काळ तेथे पडून होते. त्यांत माजी सैनिकांच्या अस्थीही होत्या. 'मिसिंग इन अमेरिका प्रोजेक्ट' या स्वयंसेवी संस्थेने असे कलश शोधण्याचे काम हाती घेतले. तिच्या कार्यकर्त्यांत मोटारसायकलस्वार पुष्कळ आहेत. काम मुख्यतः कारकुनी आहे : संस्थेच्या दप्तरातील नावे घ्यावयाची, जन्मतारखा जुळवावयाच्या, माजी सैनिक खात्याकडून सेवेची नोंद पडताळून घ्यावयाची, मग नातलगांचा शोध घ्यावयाचा आणि कोणी न आढळल्यास राष्ट्रीय दफनभूमीत जागा मागावयाची. अशा नोंदी स्वयंसेवी संस्थांना पाहू द्याव्यात यासाठी अनेक राज्यांना आपले कायदे बदलावे लागले. आजवर काही हजार अस्थिकलशांना या मार्गाने सन्मानाने विसावा मिळाला आहे. जानेवारी २०१३ मध्ये स्वाक्षरी झालेल्या कायद्याने निराधार माजी सैनिकासाठी शवपेटिका किंवा अस्थिकलश सरकारी खर्चाने देण्याचीही तरतूद केली.

मृत्यूनंतर एवढी माणसे जमतात, मग ती हयातीत कोठे होती, अशी टीका या संदर्भात होते आणि ती डावलता येणार नाही. २०१० च्या गणनेत अमेरिकेत सुमारे ७४,००० माजी सैनिक बेघर आढळले होते. शासनाने घरभाड्याचे साहाय्य व आरोग्यसेवा यांची सांगड घालून केलेल्या प्रयत्नांमुळे २०२४ पर्यंत हा आकडा सुमारे ३३,००० वर आला. स्वारांच्या अनेक गटांनीही रुग्णालयांतील माजी सैनिकांच्या भेटी, परतणाऱ्या पलटणींचे स्वागत आणि अडलेल्या कुटुंबांना मदत ही कामे पुढे आपल्या कार्यक्रमात घेतली. तथापि अंत्ययात्रेची सोबत हेच त्यांचे मुख्य काम राहिले आहे.

निराधार माजी सैनिकाच्या दफनाची वेळ स्थानिक वृत्तपत्रांतून व इतर माध्यमांतून आधी कळविली जाते. स्वार अस्थिकलश घेऊन दफनभूमीच्या प्रवेशद्वारापासून मंडपापर्यंत येतात. दोन सैनिक ध्वज उघडतात, क्षणभर ताणून धरतात आणि पुन्हा घडी घालतात. टॅप्स वाजते. नियमानुसार यानंतर ध्वज जवळच्या नातलगाच्या हाती द्यावयाचा असतो. नातलग नसतो, म्हणून सैनिक जमलेल्यांपैकी एका स्वयंसेवकासमोर किंवा दफनभूमीच्या अधिकाऱ्यासमोर गुडघा टेकतो आणि एरवी पत्नीला किंवा पुत्राला जे शब्द ऐकवावयाचे तेच त्याला ऐकवून ध्वज त्याच्या हाती ठेवतो.